आपल्याला वळण कोणी लावले?

शास्त्रपाठ : रोमकरांस पत्र १२:१-२, प्रेषितांची कृत्ये १०:९-२९, गलतीकरांस पत्र २:११-१४



समाजशास्त्राच्या पुस्तकांत 'सामाजीकरण' असा एक जड शब्द आढळतो. जन्माला आलेले मूल हळूहळू आपल्या घराचे, आपल्या जातीचे, आपल्या गावाचे माणूस बनत जाते, त्या सगळ्या क्रियेला हे नाव दिलेले आहे. आपल्या आज्यांना हा शब्द ठाऊक नव्हता, पण ती गोष्ट त्यांना पुरती ठाऊक होती. त्या तिला 'वळण' म्हणत. अक्षराला वळण असते, बोलण्याचालण्याला वळण असते, आणि सोयरीक जुळवताना तर 'त्या घरचे वळण कसे आहे' हे आधी पाहिले जाते. वळणाचे पाणी वळणावर जाते, ही म्हण ज्याने केली त्याने समाजशास्त्राचा मोठा भाग एका ओळीत सांगून टाकला. आज आपण या वळणाविषयी पवित्र शास्त्राच्या उजेडात विचार करू.

प्रथम हे मान्य केले पाहिजे की वळण ही काही वाईट गोष्ट नाही. देवाने मनुष्याला तसेच घडविले आहे. वासरू जन्मल्यावर घटकाभरात उभे राहते. माणसाच्या लेकराला मात्र चालायला वर्ष लागते आणि बोलायला त्याहून अधिक. तेवढा काळ ते दुसऱ्यांच्या तोंडाकडे पाहून शिकत असते. आपला प्रभूही या वाटेनेच आला. लूक आपल्या दुसऱ्या अध्यायाच्या शेवटी सांगतो की येशू नासरेथास आईबापांच्या आज्ञेत राहिला आणि ज्ञानाने व शरीराने वाढत गेला. चौथ्या अध्यायात तो शब्बाथ दिवशी सभास्थानात जातो, तेव्हा लूक आवर्जून लिहितो की ती त्याची नेहमीची रीत होती. ही रीत त्याला कोणीतरी लावली असली पाहिजे. देवाच्या पुत्राने मरीया व योसेफ यांच्या हातचे वळण घेतले, हे वाचून ज्या आईबापांना आपल्या जबाबदारीचे भय वाटणार नाही, त्यांनी तो अध्याय पुन्हा वाचावा.

हे वळण किती खोल जाते याचा एक नमुना मत्तयाच्या सव्विसाव्या अध्यायात आहे. प्रमुख याजकाच्या वाड्यात पेत्र आपली ओळख लपवीत उभा होता, पण त्याच्या बोलीवरून तो गालीलातला म्हणून तेथल्या लोकांनी ओळखला. जीभ नाकारीत होती आणि तीच जीभ साक्ष देत होती. आपल्याला हे समजायला कठीण जाऊ नये. बेळगावचा मनुष्य पुण्यात दोन वाक्ये बोलला की त्याचे गाव कळते. इंदूरच्या मराठीला हिंदीचा, बडोद्याच्या मराठीला गुजरातीचा आणि हैदराबादच्या मराठीला दखनीचा वास लागतो, आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही. नहेम्याला आपल्या लोकांची मुले अश्दोदी भाषा बोलताना आढळली तेव्हा त्याने बापांना मारले व त्यांचे केस उपटले. (नहेम्याचा हा भाग अनुकरण करण्यासाठी लिहिलेला नसावा, अशी माझी समजूत आहे.) आपल्या मुलांची मराठी शुद्ध नसली तर त्याची काळजी करावी, पण जिभेच्या वळणाहून हाताचे वळण अधिक खोल असते, आणि आज मला हाताच्या वळणाविषयीच बोलायचे आहे. हात म्हणजे काय? आपण कोणाच्या हातचे घेतो, कोणाला काय भांड्यात देतो, कोणाच्या पंक्तीला बसतो, ते सर्व.

पेत्राचीच गोष्ट पुढे पाहू. प्रेषितांच्या कृत्यांच्या दहाव्या अध्यायातील दर्शन संडे स्कूलच्या लहान मुलांनाही पाठ असते : आकाशातून उतरणारे मोठे चादरीसारखे पात्र, त्यात सर्व प्रकारचे पशुपक्षी, आणि मारून खा अशी वाणी. पण पेत्र त्या वेळी कोठे राहत होता याकडे आपले सहसा लक्ष जात नाही. तो यापो येथे शिमोन नावाच्या कातडी कमावणाऱ्याच्या घरी उतरला होता. मेलेल्या जनावराला शिवणे नियमशास्त्राप्रमाणे विटाळाचे. ज्याचा रोजचा धंदाच तो, त्याच्या घरी पेत्र पुष्कळ दिवस राहिला. म्हणजे पेत्राने एक पाऊल आधीच पुढे टाकले होते. कातड्याचा वास त्याने सोसला, त्या छपराखाली तो निजला. आणि त्याच घराच्या धाब्यावर, पोटात भूक असताना, देवाच्या वाणीला तो सांगतो की मी असले कधीच खाल्लेले नाही! हे तीनदा घडले. घराचा उंबरा ओलांडणे त्याला जमले; ताट मात्र जमेना. ज्यांना जातीच्या गोष्टी ठाऊक आहेत त्यांना हा प्रसंग परका वाटणार नाही.

पुढे तो कैसरियास करनेल्य नावाच्या रोमी शताधिपतीच्या घरी गेला, तेथे पवित्र आत्म्याचे दान विदेशी लोकांवर उतरलेले त्याने डोळ्यांनी पाहिले, आणि काही दिवस त्यांच्याकडे राहिला. यरुशलेमात परतल्यावर जाब विचारला गेला तो उपदेशाबद्दल नाही, तर सुंता न झालेल्यांबरोबर तू जेवलास याबद्दल. पेत्राने धैर्याने उत्तर दिले व सर्वांचे समाधान केले. गोष्ट येथे संपली असती तर उपदेशकांचे काम किती सोपे झाले असते!

पण गलतीकरांस पत्राचा दुसरा अध्याय आहे. अंत्युखियाच्या मंडळीत यहूदी व विदेशी विश्वासी एकत्र जेवत असत, आणि पेत्रही त्यांच्यात जेवत असे. मग याकोबाकडून काही लोक आले, आणि पेत्र हळूच मागे सरला. ज्याने दर्शन पाहिले, ज्याने त्या दर्शनाचा अर्थ मंडळीपुढे सांगितला, तो चार ओळखीचे चेहरे दारात दिसताच ताटावरून उठला. पौल सांगतो की तो भ्याला. कोणाला? तुरुंगाला नव्हे, हेरोदाला नव्हे. आपल्याच लोकांच्या नजरेला.

पेत्राची अब्रू वाचविण्यासाठी जुन्या काळी पुष्कळ खटपट झालेली आहे. हा केफा दुसराच कोणी असावा, असे काहींनी म्हटले. विद्वान जेरोमने तर हे भांडण दोघांनी ठरवून केलेले सोंग होते असे मांडले, आणि ऑगस्टिनने पत्रे लिहून ते मत खोडून काढले. मला ऑगस्टिनचे म्हणणे पटते. पेत्राचे हे पाऊल जसे घडले तसे शास्त्रात राहिले यात देवाची आपल्यावर दया आहे. दर्शनाने मत बदलते; वळण एका दर्शनाने बदलत नाही, हे त्यावाचून आपल्याला कसे कळले असते?

आता पौलाचे पुढचे वाक्य पाहा. पेत्र उठला, त्याबरोबर इतर यहूदी उठले, आणि शेवटी बर्णबासुद्धा त्यांच्याबरोबर ओढला गेला. हा बर्णबा कोण? अंत्युखियाची मंडळी ज्याने वाढविली, शौलाला तार्सास जाऊन ज्याने शोधून आणले, तो. त्याला विदेशी लोकांचा तिटकारा मुळीच नव्हता. पण वडील माणूस उठला म्हणून तो उठला. समाज असाच घडतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकर पंचवीस वर्षांचे असताना, ९ मे १९१६ रोजी, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात त्यांनी भारतातील जातींच्या उत्पत्तीवर एक निबंध वाचला. जात पसरली कशी, याचे उत्तर देताना त्यांनी अनुकरणाला मोठे स्थान दिले आहे. एका वर्गाने आपले दार लावून घेतले; ज्यांना तो वर्ग थोर वाटत होता त्यांनी त्याचे पाहून आपले दार लावले; आणि उरलेल्यांना दारे आपोआपच बंद झालेली आढळली. सगळा समाज बसून काही ठराव करीत नाही. थोर समजला जाणारा एक उठतो आणि बाकीचे त्याच्याकडे पाहत उठतात. अंत्युखियात हेच घडले.

पौलाने या वागण्याला दिलेले नाव फार मार्मिक आहे. मूळ ग्रीक शब्द पायावरून आलेला आहे. सरळ पाय टाकणे असा त्याचा अर्थ. सुवार्तेच्या सत्याप्रमाणे त्यांचे पाय सरळ पडत नाहीत, असे पौलाला दिसले. त्यांच्या विश्वासाच्या कबुलीत चूक नव्हती, चूक पावलात होती. आणि ही गोष्ट त्याने कोपऱ्यात नेऊन सांगितली नाही, सर्वांच्या देखत सांगितली, कारण उठणेही सर्वांच्या देखत झाले होते. त्याच पत्राच्या पुढच्या अध्यायात यहूदी-हेल्लेणी, दास-स्वतंत्र, पुरुष-स्त्री हे भेद ख्रिस्तात उरत नाहीत ते प्रसिद्ध वचन येते. आपण ते वचन भिंतीवर लावतो. ते एका मोडलेल्या पंक्तीच्या पाठोपाठ लिहिलेले आहे हे विसरतो.

प्रियजनहो, आता आपण आपल्या स्वयंपाकघरात येऊ या.

आपल्यापैकी कित्येकांच्या घरी धुणेभांडी करायला बाई येते. काम झाल्यावर तिला चहा दिला जातो, ही चांगली रीत आहे. तो चहा कोणत्या कपात दिला जातो? काही ख्रिस्ती घरांत मी तो कप पाहिला आहे. कान तुटलेला किंवा जुन्या जोडातला उरलेला, तो इतर कपांबरोबर फळीवर नसतो, मोरीजवळच्या कोनाड्यात पालथा असतो. घरातल्या पाच वर्षांच्या मुलाने चुकून तो उचलला तर आई म्हणते, "अरे, तो नको, तो मावशींचा आहे." आईच्या आवाजात राग नसतो, तिरस्कार तर नसतोच. मूल कप खाली ठेवते. एवढेच. संडे स्कूलमध्ये त्याला चांगल्या शोमरोन्याचा दाखला वर्षातून दोनदा शिकविला जाईल. पण माणसामाणसांत भेद असतो आणि तो भांड्यावर असतो, हा धडा त्याला त्या दिवशी मिळाला, आणि तो शिकविताना आईने तोंडातून जातीचा एक शब्दही काढला नाही.

शोकाची गोष्ट ही की ज्यांच्या पणजोबांना गावाच्या विहिरीवर पाणी मिळत नव्हते, ज्यांच्या ओंजळीत वरून पाणी ओतले जात होते, त्यांच्याही घरांत हा कप सापडतो. साच्याची ताकद ही अशी असते. ज्याला साच्याने दाबले तोही मोकळा झाल्यावर तोच साचा हाती घेतो.

दुसरी जागा सोयरिकीची. मुलगा मंडळीतला, निर्व्यसनी, नोकरी कायम, पाळकसाहेबांचे शिफारसपत्र उत्तम. सर्व पसंत पडते, मग बैठकीतले कोणीतरी वडीलधारे आवाज खाली घेऊन विचारतात, "पण ते मूळचे कोण?" आपल्या आजोबांनी बाप्तिस्मा घेतला त्याला शंभर वर्षे होऊन गेली असतील, 'मूळ' मात्र अजून हिरवे आहे. बाप्तिस्म्याच्या पाण्यात आपण काय बुडविले आणि काय हातात उंच धरून कोरडे ठेवले, हा प्रश्न या ठिकाणी विचारावासा वाटतो. बैठकीला चहा आणून देणारी ती मुलगी दारामागून सर्व ऐकत असते. उद्या ती आई होईल आणि तिच्या मुलाच्या सोयरिकीच्या वेळी तीही तोच प्रश्न त्याच हलक्या आवाजात विचारील.

मुले हे किती लवकर उचलतात याविषयी संडे स्कूलच्या शिक्षकांना एक हकीगत सांगण्यासारखी आहे. एप्रिल १९६८ मध्ये अमेरिकेत मार्टिन लूथर किंग यांचा खून झाला. दुसऱ्या दिवशी आयोवा राज्यातील राइसव्हिल या लहान गावात जेन एलियट नावाच्या शिक्षिकेने तिसरीच्या वर्गातील मुलांचे डोळ्यांच्या रंगावरून दोन गट केले. वर्गातली मुले सर्व गोरी होती. एका रंगाच्या डोळ्यांची मुले अधिक हुशार, अधिक चांगली, असे तिने सांगितले. त्यांना सुटी जास्त, आणि दुसऱ्या गटाने शाळेच्या नळावर तोंड न लावता कागदी पेल्यातून पाणी प्यायचे. काही तासांच्या आत कालचे सोबती एकमेकांना हिणवू लागले, आणि 'हलक्या' गटातील चांगली मुले अभ्यासात अडखळू लागली. पुढे तिने गट उलटे केले, तेव्हा उलटे घडले. असा प्रयोग कोणी आपल्या वर्गात करावा असे मी मुळीच सुचवीत नाही; कोवळ्या मुलांना दुखवून शिकविण्याविषयी त्या देशातही पुष्कळांनी आक्षेप घेतला. पण वेगळा पेला तेथेही आला हे लक्षात ठेवावे. वेगळे भांडे दिले की उरलेले काम मूल आपण होऊनच करते.

मग उपाय कोणता? पौल रोमकरांस पत्राच्या बाराव्या अध्यायात दोन शब्द वापरतो. या युगाच्या घडणीत बसू नका, हे सांगताना वापरलेल्या पहिल्या शब्दात 'स्खेमा' आहे, म्हणजे बाहेरची ढब, वरचा आकार. तुमचे रूपांतर होऊ द्या, या दुसऱ्या शब्दात 'मोर्फे' आहे, म्हणजे आतून उमटणारे रूप. डोंगरावर प्रभूचे रूपांतर झाले तेव्हा मत्तय व मार्क हाच शब्द वापरतात. या दुसऱ्या क्रियापदाविषयी दोन गोष्टी मराठीत सहज दिसत नाहीत. एक, ही क्रिया आपण करावयाची नसून आपल्यावर होऊ द्यावयाची आहे. करणारा देव आहे. दुसरी, ती एकदाच होऊन संपणारी नाही. होत राहू द्या, असा तिचा भाव आहे. एका रात्रीच्या सभेत हात वर केल्याने ती पुरी होत नाही. पेत्राचीही झाली नव्हती.

हे होत राहणे कसे असते त्याचे उदाहरण आपल्या घरातलेच आहे. लक्ष्मीबाई टिळकांचे 'स्मृतिचित्रे' आपल्यापैकी पुष्कळांनी वाचले असेल. त्यांच्या माहेरी वडिलांना सोवळ्याओवळ्याचे असे वेड होते की बाजारातून आलेला जिन्नस धुतल्यावाचून घरात घेतला जात नसे. त्या वळणात लहानपण गेले. १८९५ साली पती नारायण वामन टिळक यांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्यांच्यावर आकाश कोसळले. काही वर्षे त्या वेगळ्या राहिल्या. मग पतीजवळ आल्या, पण आपले जेवणपाणी निराळे राखून. जातीचा भेद देवाने केला की माणसाने, हा प्रश्न त्यांच्या मनात घर करून बसला, आणि एके दिवशी त्यांना त्याचे उत्तर मिळाले. विटाळाची समजूत आधी गळाली आणि १९०० साली बाप्तिस्मा त्यानंतर झाला. हा क्रम मला फार विचार करण्यासारखा वाटतो. आपल्यापैकी अनेक घराण्यांत तो उलटा झाला आहे. बाप्तिस्मा आधी झाला, दुसरे अजून व्हायचे आहे.

घर समाजाच्या वळणाविरुद्धही जाऊ शकते, याला पंडिता रमाबाई साक्षी आहेत. स्त्रीने संस्कृत शिकू नये असा त्या काळचा नियम. अनंतशास्त्री डोंगरे यांनी तो बाजूला सारून पत्नीला शिकविले, आणि त्या माउलीने भल्या पहाटे, घरकामाचा रगाडा सुरू होण्यापूर्वी, आपल्या लेकीला शिकविले. पुढे मुक्तीसदनात बसून जिने मूळ भाषांवरून मराठी शास्त्राचे भाषांतर केले, तिची पहिली शाळा ही अशी पहाटेची होती. तीमथ्याच्या घरी आजी लोईस व आई युनीके यांनी केले तेच हे काम. आणि तीमथ्याचा बाप हेल्लेणी होता, म्हणजे त्या घरी वळणे दोन होती.

आठवड्याचे तास १६८ असतात. त्यांतला एक संडे स्कूलचा. उरलेल्या १६७ तासांचे शिक्षक आपण आहोत, आपली इच्छा असो वा नसो. अनुवादाच्या सहाव्या अध्यायात मोशेने मुलांच्या शिक्षणाच्या वेळा नेमून दिल्या आहेत : घरी बसताना, वाटेने चालताना, निजताना, उठताना. शाळेची घंटा त्यात कोठेच नाही. म्हणून आईबापांना माझी विनंती आहे की कप फळीवर ठेवावा. त्यावर भाषण करू नये, मुलांना बोलावून दाखवू नये. नुसता इतर कपांबरोबर ठेवावा. मंडळीच्या पंचांना विनंती आहे की हंगामाच्या सणाच्या जेवणाला आपण कोणाशेजारी बसतो हे एकदा पाहावे, कारण बर्णबा आपल्याकडे पाहत असतो. पाळकसाहेबांसाठी व पाहुण्यांसाठी खुर्च्या आणि सफाई करणाऱ्या कुटुंबासाठी मागची सतरंजी, ही मांडणी कोणी ठरवून केलेली नसते, हे मला ठाऊक आहे. ठरवून केलेली नसते म्हणूनच ती मोडायची तर कोणीतरी ठरवावे लागते.

संडे स्कूलच्या शिक्षकांकरिता एक सूचना. करनेल्याचा धडा आपण शिकवितो तेव्हा चादरीचे चित्र काढतो, बाप्तिस्म्यापाशी थांबतो, आणि पुढच्या रविवारी दुसरा धडा घेतो. मोठ्या वर्गात तरी तेथे थांबू नये. त्याच्या पुढच्या रविवारी गलतीकरांस पत्राचा दुसरा अध्याय घ्यावा. मुलांकडून सतरंजीवर पंगत मांडून घ्यावी, एकाने पेत्र व्हावे, एकाने बर्णबा, दोघांनी याकोबाकडून आलेले पाहुणे. आणि पेत्र उठल्यावर ताटावर बसून राहिलेल्यांना काय वाटले ते त्यांनाच विचारावे. एखादे मूल नक्की विचारील की मग पेत्र परत जेवायला बसला का. पौलाने ते लिहिलेले नाही, आणि आपणही बनवून सांगू नये. पेत्राच्या दुसऱ्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात पौलाचा उल्लेख कोणत्या शब्दांनी केला आहे, ते वचन मुलांना आपल्या शास्त्रातून शोधून काढू द्यावे व मोठ्याने वाचायला सांगावे.